मिरपुडी पतंग

युरोपातील बागांत व वनांत हा पतंग सर्वत्र आढळतो. त्याच्या पांढऱ्या पंखांवर मिरपूड भुरभुरल्यासारखे काळे ठिपके असतात. पंख पसरले असता रुंदी सुमारे ५ सेंटिमीटर भरते.

उन्हाळ्यात मादी अंडी घालते. त्यांतून निघालेली अळी हुबेहूब काटकीसारखी दिसते व डहाळीप्रमाणे हिरवा किंवा तपकिरी रंग धारण करते. पुढे ती जमिनीत शिरते व हिवाळा कोशावस्थेत काढते. उन्हाळ्याच्या सुमारास कोशातून पतंग बाहेर पडतो.

दिवसा पतंग झाडावर निश्चल बसतो. इंग्लंडातील मँचेस्टर येथे कारखान्यांच्या धुराने झाडांच्या साली काळवंडल्या. त्यांवर पांढरे पतंग उठून दिसत व पक्ष्यांच्या भक्ष्यस्थानी पडत. तेथे १८४८ मध्ये काळ्या पतंगाची नोंद झाली; १८९५ पर्यंत शंभरांतील सुमारे ९८ पतंग काळे होते. १९५६ च्या स्वच्छ हवेच्या कायद्यानंतर धूर घटला व पांढरे पतंग पुन्हा वाढले.

धुराने पतंग काळा झाला, असा मुलांचा समज होण्याचा संभव आहे. पतंगाचा रंग जन्मजात असतो. तो अळीप्रमाणे बदलत नाही. जो लपला तो वाचला व त्याचीच संतती वाढली, हे शिक्षकांनी स्पष्ट करावे.