ऑपरेशननंतर मुलाचं बोलणं थांबलं

प्रश्न : माझ्या सात वर्षांच्या मुलाच्या लहान मेंदूतली गाठ मुंबईत काढली. दोन दिवस तो बोलला, मग गप्पच झाला. आता आम्ही घरी आलो आहोत. वाचा परत येईल ना?
– एक आई, रत्नागिरी

उत्तर : ताई, धीर सोडू नका. या भागातल्या मेड्युलोब्लास्टोमा नावाच्या गाठीच्या ऑपरेशननंतर साधारण चारातल्या एका मुलाला हा त्रास होतो. मूल चिडचिडं होतं, अंग सैल पडतं, गिळताना ठसका लागतो. बहुतेकांचं बोलणं काही आठवड्यांत किंवा महिन्यांत परत येतं; आधी संथ, अडखळत. तोल आणि उच्चारातला दोष काहींना राहतो, म्हणून फिजिओथेरपी आणि स्पीच थेरपी लगेच सुरू करा. पेज भरवताना त्याला ताठ बसवा, छोटा चमचा घ्या. स्टिरॉइड असेल तर मनाने बंद करू नका.

ताप, वाढती डोकेदुखी, वारंवार उलट्या, गुंगी, फिट, जखमेतून पाणी किंवा तिथे फुगवटा दिसला, तर डोक्यात पाणी तुंबल्याची किंवा जंतुसंसर्गाची शंका घ्यावी. डिस्चार्ज कार्ड घेऊन तडक जिल्हा रुग्णालय गाठा आणि सर्जनना फोन करा.

गाठ मेड्युलोब्लास्टोमाची असेल आणि रेडिएशन ठरलं असेल, तर ते बहुधा चार ते सहा आठवड्यांत सुरू होतं. मूल बोलत नाही म्हणून ती तारीख चुकवू नका.