गोदामातील धान्याची गणना : साठ्याची आकडेवारी कशी तयार होते?

देशात यंदा किती गहू पिकला, याची चर्चा दरवर्षी होते. मात्र पिकलेल्या गव्हापैकी आज किती शिल्लक आहे व तो कोणाच्या ताब्यात आहे, हा प्रश्न तुलनेने दुर्लक्षित राहतो. वस्तुतः निर्यात खुली ठेवावी की थांबवावी, सरकारी धान्य खुल्या बाजारात केव्हा विकावे, हे निर्णय याच प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असतात. स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासकांनी म्हणूनच अन्न व्यवस्थापनाचा हा पैलू समजून घेणे आवश्यक आहे.

धान्याचा ताळेबंद

कोणत्याही धान्याचा वार्षिक हिशेब एका समीकरणात मांडता येतो : आरंभीचा साठा + उत्पादन + आयात = देशांतर्गत वापर + निर्यात + अखेरचा साठा.

यापैकी आयात-निर्यातीची नोंद सीमाशुल्क विभागाकडे असते. उत्पादनाचा अंदाज पेरणीखालील क्षेत्र व पीक कापणी प्रयोग यांवरून बांधला जातो. वापर मोजणे मात्र कठीण. कारण त्यात अन्न, बियाणे, पशुखाद्य, औद्योगिक उपयोग व नासाडी यांचा समावेश होतो. साठ्याची स्वतंत्र गणना झाली, तर वापराचा अंदाज वजाबाकीने काढता येतो आणि उत्पादनाचा अंदाजही पडताळून पाहता येतो. साठा मोजलाच नाही, तर उत्पादनाच्या अंदाजातील चूक उघड होण्याचा एक महत्त्वाचा मार्ग बंद होतो.

सरकारी साठा : नियमित नोंद

धान्य मुख्यतः तिघांकडे असते : सरकार, व्यापारी व प्रक्रियादार आणि शेतकरी. यातील सरकारी भागाची माहिती सर्वांत स्पष्ट आहे. १९६५ साली स्थापन झालेले भारतीय अन्न महामंडळ व राज्यांच्या खरेदी यंत्रणा यांच्याकडील धान्य मिळून 'केंद्रीय साठा' होतो. गोदामात पोत्यांच्या थप्प्या लावलेल्या असतात. प्रत्येक थप्पीची नोंद ठेवली जाते आणि दर महिन्याच्या १ तारखेची शिल्लक प्रसिद्ध होते. येथेही वजनाचा प्रश्न उरतोच. उन्हाळ्यात खरेदी केलेला कोरडा गहू पावसाळ्यात ओलावा शोषून घेतो व त्याचे वजन वाढते. म्हणून केवळ पोती मोजून भागत नाही. ओलाव्याची नोंदही ठेवावी लागते.

ही शिल्लक राखीव साठ्याच्या निकषांशी ताडून पाहिली जाते. २०१५ साली ठरविलेल्या निकषांनुसार केंद्रीय साठ्यात १ एप्रिल रोजी ७४.६ लाख टन, तर १ जुलै रोजी २७५.८ लाख टन गहू असणे अपेक्षित आहे. रब्बीची खरेदी या दोन तारखांच्या दरम्यान होत असल्याने हा फरक दिसतो.

खासगी साठा : कायद्याने मागविलेली माहिती

व्यापाऱ्यांकडील साठ्याची माहिती मागविण्याचा अधिकार अत्यावश्यक वस्तू अधिनियम, १९५५ मधील कलम ३ अन्वये शासनाला मिळतो. या अधिकाराचा उपयोग करून २०२१ मध्ये डाळींचा साठा संकेतस्थळावर घोषित करण्याची पद्धत सुरू झाली.

गव्हाची वेळ २०२३ मध्ये आली. मार्च २०२२ मधील उष्णतेच्या लाटेने पिकाचे नुकसान झाले. १३ मे २०२२ रोजी निर्यातीवर बंदी आली आणि त्या हंगामातील सरकारी खरेदी आदल्या वर्षीच्या सुमारे ४३३ लाख टनांवरून सुमारे १८८ लाख टनांवर उतरली. पुढील वर्षी अधिकृत अंदाजानुसार उत्पादन ११०० लाख टनांहून अधिक होते. तरीही भाव चढेच राहिले. पीक कमी आले होते, की धान्य साठवून ठेवले गेले होते? केवळ सरकारी गोदामांच्या आकड्यांवरून याचे उत्तर मिळणे शक्य नव्हते.

१२ जून २०२३ रोजी गव्हावर साठा मर्यादा लागू झाली आणि व्यापारी, किरकोळ विक्रेते, मोठ्या साखळी दुकानांचे चालक व प्रक्रियादार यांना साठा घोषित करणे बंधनकारक झाले. या मर्यादेची मुदत ३१ मार्च २०२४ रोजी संपली. परंतु १ एप्रिल २०२४ पासून दर शुक्रवारी साठा घोषित करण्याचा आदेश देण्यात आला.

अमेरिकेतील पद्धत

तुलनेसाठी अमेरिकेचे उदाहरण उद्बोधक ठरते. तेथील कृषी विभागाची सांख्यिकी सेवा १ मार्च, १ जून, १ सप्टेंबर व १ डिसेंबर या चार तारखांचा धान्यसाठा मोजते. शेतावरील साठ्यासाठी निवडक शेतकऱ्यांची नमुना पाहणी होते; व्यापारी कोठारांच्या बाबतीत मात्र ज्ञात असलेल्या सर्वच कोठारांकडे विचारणा केली जाते. प्रतिसाद ऐच्छिक असतो. कोणा एकाची माहिती उघड न करण्याचे बंधन कायद्याने घातलेले आहे. केवळ एकत्रित आकडे ठरलेल्या दिवशी व ठरलेल्या वेळी सर्वांना एकाच वेळी उपलब्ध होतात.

गणना की नियंत्रण?

या दोन पद्धतींतील मूलभूत भेद माहितीच्या उपयोगाचा आहे. आपल्याकडे घाऊक व्यापाऱ्यासाठी गव्हाची मर्यादा जून २०२३ मध्ये ३००० टन होती. सप्टेंबरमध्ये ती २०००, डिसेंबरमध्ये १००० आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये ५०० टन झाली. जो आकडा कळविल्याने आपल्यावरच कारवाई होऊ शकते, तो कमी करून सांगण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. टंचाईच्या काळात, जेव्हा अचूक माहितीची गरज सर्वाधिक असते, तेव्हाच हा मोहही सर्वाधिक असतो. दुसरीकडे, भाववाढीची झळ सोसणाऱ्या ग्राहकासाठी शासनाने हस्तक्षेपच करू नये, असेही म्हणता येत नाही.

सांख्यिकी संकलन अधिनियम, २००८ नुसार गोळा केलेली माहिती केवळ सांख्यिकीय प्रयोजनासाठीच वापरता येते. साठ्याची नियमित गणना या तत्त्वावर व नियंत्रणाची कारवाई स्वतंत्र यंत्रणेमार्फत, अशी विभागणी विचारात घेण्याजोगी आहे. वखार विकास व नियामक प्राधिकरणाकडे नोंदणी झालेल्या गोदामांच्या इलेक्ट्रॉनिक पावत्यांवरूनही काही माहिती मिळू शकते; मात्र प्रत्येक गोदामाला ही नोंदणी सक्तीची नसल्याने हे चित्र अपुरेच राहते.

१ एप्रिल २०२४ रोजी केंद्रीय साठ्यात सुमारे ७५ लाख टन गहू होता, म्हणजे निकषापेक्षा किंचितच अधिक. सरकारी कोठार असे तळाला येते, तेव्हा खासगी गोदामांतील धान्याचा खरा आकडा हीच धोरणकर्त्यांची शिदोरी ठरते. तो आकडा मिळविण्यासाठी कायद्याच्या धाकाइतकाच माहिती देणाऱ्याचा विश्वासही आवश्यक असतो.

सरावासाठी प्रश्न

१. साठ्याच्या गणनेमुळे उत्पादनाच्या अंदाजाची पडताळणी कशी होते, ते धान्याच्या ताळेबंदाच्या आधारे स्पष्ट करा.

२. 'साठा मर्यादा व साठ्याची विश्वसनीय आकडेवारी ही परस्परविरोधी उद्दिष्टे आहेत.' चर्चा करा.