वाहनात संगणक बसवताना

गोकुलमच्या थांब्यावर आपण ज्या सिटी बसची वाट पाहतो, तिच्यातला संगणक सहसा कोणाच्या नजरेस पडत नाही. कर्नाटक राज्य रस्ते परिवहन महामंडळाने २०१२ मध्ये म्हैसूरच्या सुमारे ५०० बसगाड्यांत अशी यंत्रे बसवली. या योजनेला जागतिक बँकेमार्फत जागतिक पर्यावरण निधीची मदत होती. बसमधले यंत्र उपग्रहांच्या संकेतांवरून आपली जागा ओळखते आणि ती मोबाइलच्या जाळ्यावरून नियंत्रण कक्षाला कळवते. पुढची बस किती मिनिटांत येईल ते मग थांब्यावरच्या फलकावर दिसते. शहरातल्या १०५ थांब्यांसाठी ही योजना आखली होती.

हे ऐकल्यावर विद्यार्थ्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो. घरातला साधा संगणक उचलून गाडीत बसवला तर काय बिघडते? प्रश्न चांगला आहे. संगणक, पडदा आणि चार स्क्रू एवढेच डोळ्यासमोर असेल तर काम तासाभराचे वाटते. प्रत्यक्षात संगणकाचा भाग सोपा असतो आणि सगळी अडचण विजेत असते.

मल्टिमीटर घेऊन कारच्या बॅटरीवर लावा. इंजिन बंद असताना पूर्ण भारलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. इंजिन चालू झाले, अल्टरनेटर बॅटरी भारू लागला, की आकडा १४ च्या पुढे जातो. इथवर काही काळजी नाही. आता मित्राला सेल्फ मारायला सांगा. स्टार्टर मोटर त्या क्षणी शंभराहून अधिक अँपिअर ओढते, डिझेल इंजिन असेल तर आणखी जास्त. व्होल्टेज ९-१० वर कोसळते, आणि थंडीतल्या पहाटे जुनी बॅटरी असेल तर ६ पर्यंतही. साधा डिजिटल मीटर इतक्या झटपट आकडा बदलत नाही, त्यामुळे ही घसरण त्याच्यावर धड दिसत नाही. किमान आकडा धरून ठेवणारे बटण असलेला मीटर असेल तर तो वापरा. संगणकाला मात्र ती घसरण लगेच जाणवते. तो त्याच क्षणी बंद पडून पुन्हा सुरू होऊ लागतो, आणि त्या वेळी डिस्कवर काही लिहिले जात असेल तर फाइल मोडते.

उलट टोकाचा प्रसंग अधिक वाईट. गाडी चालू आहे, अल्टरनेटर जोरात बॅटरी भारतो आहे आणि खड्ड्यात आदळून बॅटरीचे सैल टर्मिनल निसटले. अल्टरनेटरमधले चुंबकीय क्षेत्र एका क्षणात मरत नाही. ज्या टाकीत ही ऊर्जा जात होती ती टाकीच नाहीशी झाल्यामुळे व्होल्टेज उसळते. वाहनांतील विद्युत उपकरणांसाठीच्या आयएसओ १६७५० या मानकात या उसळीची चाचणी आहे. अल्टरनेटरमध्ये स्वतःचे संरक्षण नसेल तर १२ व्होल्टच्या गाडीसाठी ७९ ते १०१ व्होल्ट आणि २४ व्होल्टच्या ट्रकसाठी १५१ ते २०२ व्होल्ट. काळ सेकंदाच्या काही दशांशांचा, पण बाजारातल्या स्वस्त कन्व्हर्टरचा जीव जायला तेवढा पुरतो. म्हणून संगणकाचा वीजपुरवठा घेताना तो किती वॉटचा आहे हे पाहण्याआधी तो किती खाली आणि किती वर तग धरतो हे पाहावे. वाहनासाठी बनवलेले चांगले पुरवठे ६ व्होल्टपर्यंत उतरलेल्या बॅटरीवरही संगणकाला स्थिर १२, ५ आणि ३.३ व्होल्ट देतात.

बरेच जण इन्व्हर्टर घेतात. म्हणजे बॅटरीच्या १२ व्होल्टचे २३० करायचे आणि संगणकाच्या पेटीत त्याचेच पुन्हा १२ व ५. दोन्ही टप्प्यांची कार्यक्षमता ८५ टक्के धरली तर हाती ७२ टक्के उरतात. ६० वॉटच्या संगणकासाठी बॅटरीतून ८३ वॉट, म्हणजे ५ अँपिअरऐवजी जवळजवळ ७ अँपिअर जातात. प्रात्यक्षिकासाठी तासभर चालेल, कायमच्या जोडणीला मी हा मार्ग सुचवणार नाही.

ट्रक आणि मोठ्या बसमध्ये १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. तिथे एक मोह हमखास होतो. संगणकाला १२ हवेत ना, मग दोनपैकी एका बॅटरीवरून तार काढा! अल्टरनेटर दोघींना मिळून भारतो, पण खर्च एकीचाच होतो. जिच्यावर भार आहे ती कायम अर्धपोटी राहते, दुसरी प्रमाणाबाहेर भारली जाऊन तिचे पाणी आटते आणि काही महिन्यांत दोन्ही जातात. २४ वरून १२ करणारा कन्व्हर्टर दोन्ही बॅटऱ्यांच्या टोकांवरच लावायचा असतो. २४ व्होल्टचा फायदाही आहे. तेवढ्याच शक्तीला प्रवाह निम्मा लागतो, त्यामुळे तारेत वाया जाणारी उष्णता चौथ्या हिश्शावर येते.

तारेचे गणित कॅडेटांनी एकदा स्वतः करावे. बॅटरीपासून डिकीपर्यंत ४ मीटर आणि परतीचे ४, अशी ८ मीटर तांब्याची तार घेऊ. तांब्याचा विशिष्ट रोध, १ चौरस मिलिमीटर छेदाच्या १ मीटर तारेला, ०.०१७२ ओहम. १.५ चौरस मिलिमीटरच्या तारेला एकूण ०.०९ ओहम भरतात. ५ अँपिअरला जवळजवळ अर्धा व्होल्ट तारेतच जातो. २.५ ची तार घेतली तर पाव व्होल्ट.

या तारेवर फ्यूज हवाच, आणि तो बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत. फ्यूज संगणकाच्या रक्षणासाठी आहे असा समज असतो, पण तो राखतो तारेला. इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यातून तार नेताना भोकाला रबरी ग्रोमेट नसेल तर कंपनाने वरचे आवरण कापले जाते. तार गाडीच्या अंगाला टेकली की बॅटरी शेकडो अँपिअर ओतते. फ्यूज संगणकाजवळ असला तर तो शाबूत राहतो आणि पेट घेते ती त्याच्या अलीकडची तार. गाडीत माणसे बसलेली असतात. इतर काही राहिले तरी चालेल, हे राहता कामा नये.

किल्ली काढल्यावर काय होते, याचा विचार बहुधा शेवटी होतो. संगणकाला बंद व्हायला वेळ लागतो. म्हणून वाहनाच्या पुरवठ्याला तीन तारा जोडतात: एक थेट बॅटरीची, एक किल्लीबरोबर जिवंत होणारी आणि एक चेसिसची. दुसरी तार मेली की पुरवठा संगणकाला बंद होण्याचा इशारा देतो, मिनिटभर थांबतो आणि मग वीज पूर्ण तोडतो. ही पूर्ण तोडणी महत्त्वाची. नुसत्या झोपवलेल्या संगणकाने ०.२ अँपिअर घेतला तरी दिवसाला ४.८ अँपिअर-तास होतात. ६० अँपिअर-तासांच्या बॅटरीतले निम्मे सहा दिवसांत संपतात. दसऱ्याच्या सुट्टीत गाडी दहा दिवस उभी राहिली की परतल्यावर धक्का मारायची वेळ. बॅटरी ठराविक व्होल्टेजखाली गेल्यावर आपोआप तुटणारा पुरवठा असेल तर हा धोका टळतो. गाडीचे पहिले काम सुरू होणे हे आहे, संगणकाचा मान त्यानंतरचा.

उरलेले थोडक्यात. फिरती हार्ड डिस्क नको. तिचे वाचनशीर्ष तबकडीपासून काही नॅनोमीटरवर तरंगत असते आणि आपले रस्ते आपल्याला माहीत आहेत. एसएसडी घ्यावी. उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड भाजून काढतो, म्हणून पेटी सीटखाली, हवा खेळेल अशी आणि धातूच्या पट्ट्यांनी घट्ट बांधलेली. ब्रेक लागल्यावर दोन किलोची मोकळी पेटी पुढच्या माणसाच्या पायांवर येते. एअरबॅग उघडते त्या जागी काही लावू नये, आणि पडदा चालकासमोर नको.

सैन्यात हीच कामे कठोर कसोट्यांतून जातात. बंगळुरूची केअर ही डीआरडीओची प्रयोगशाळा आणि भारत इलेक्ट्रॉनिक्स यांनी केलेली तोफखान्याची ‘शक्ती’ ही संगणक प्रणाली २००९ मध्ये सैन्याला मिळाली. ती निरीक्षकापासून तोफेपर्यंतचे संगणक जोडते, आणि ते गार वर्गखोलीत नाही, मैदानावर वापरायचे असतात. भारतीय सेनादलांच्या इलेक्ट्रॉनिक उपकरणांसाठी जेएसएस ५५५५५ हे पर्यावरणीय चाचण्यांचे मानक आहे. त्यात कंपन, आदळआपट, धूळ, पाऊस, उष्णता, थंडी सगळे येते. शिवाय संगणकाच्या कन्व्हर्टरने जवळच्या रेडिओ संचात खरखर आणता कामा नये.

आपल्या हाती तशी प्रयोगशाळा नाही, पण कसोटी घेता येते. संगणक चालू ठेवून दहा वेळा सेल्फ मारा; एकदाही तो पुन्हा सुरू होता कामा नये. किल्ली काढून घड्याळ लावा आणि वीज खरोखर कधी तुटते ते पाहा. मग गाडी तीन रात्री उभी ठेवा, आणि चौथ्या सकाळी, किल्ली लावण्याआधी, बॅटरीचे व्होल्टेज मोजून पहिल्या दिवशीच्या आकड्याशेजारी लिहा. फरक दोन-तीन दशांशांचा निघाला तर किल्ली काढल्यावर जिवंत राहणारी तार शोधायला बसा.