गळाच्या गळ्यातले शिसे

कोल्हापूरच्या राजारामपुरीत राहणाऱ्या मुलाला समुद्र रोज दिसत नाही. पण आंबा घाट उतरून रत्नागिरीला गेले की तो भेटतो. तेथे गळ टाकून मासे धरण्याला 'गरवणे' म्हणतात. खोल पाण्यात गरवण्यासाठी एक खास गळ वापरतात. त्याच्या मानेवर शिशाचा गोळा ओतलेला असतो, मागे पिसे किंवा रंगीत दोरे बांधलेले असतात. दोरी हिसके देत वर-खाली नाचवली की माशाला वाटते, एखादी जखमी मासोळीच धडपडत आहे, आणि तो झडप घालतो. इंग्रजीत अशा गळाला जिग म्हणतात.

आता प्रश्न असा, की हा गोळा शिशाचाच का?

'शिसे जड असते म्हणून', असे तुम्ही चटकन म्हणाल. हिशेब करून पाहू. एक घन सेंटिमीटर शिसे 11.3 ग्रॅम भरते, बिडाचे लोखंड सुमारे 7.2 ग्रॅम आणि आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण सुमारे 2.9 ग्रॅम. तिन्हींचे 100 ग्रॅमचे तुकडे घेऊन समुद्राच्या पाण्यात सोडले, तर आर्किमिडीजच्या तत्त्वाप्रमाणे प्रत्येकाचे वजन त्याने बाजूला सारलेल्या पाण्याच्या वजनाइतके घटेल. शिशाचे 91 ग्रॅम उरतील, लोखंडाचे 86 आणि दगडाचे अवघे 65.

दगड हरला खरा. शिवाय तो शिशाच्या जवळजवळ चौपट जागा व्यापतो, त्यामुळे पाण्याचा प्रवाह त्याला अधिक जोराने ढकलतो. वीस वाव, म्हणजे सुमारे 36 मीटर दोरी खाली सोडली असेल, तर गळ तळाशी जाण्याऐवजी तिरपा वाहत जाईल. पण लोखंडाकडे पाहा. शिशापेक्षा फक्त 5 ग्रॅम कमी! ते स्वस्त आहे, विषारी नाही, आणि त्याचे ओतकाम करणारे कारखाने राजारामपुरीला लागूनच, शिवाजी उद्यमनगरात वाढले. मग कोळी दादांनी लोखंड का घेतले नाही?

खरे उत्तर तराजूत नाही, चुलीत आहे. बीड वितळायला 1150 ते 1200 अंश सेल्सियस तापमान लागते. त्यासाठी भट्टी हवी, कोक हवा, हवेचा झोत हवा. शिसे मात्र 327 अंशांलाच पातळ होते. (कल्हईवाला वापरतो ते कथील तर 232 अंशांनाच वितळते, पण ते महाग आणि शिशापेक्षा बरेच हलके.) शिसे घरच्या आगीवर, लोखंडी पळीत वितळते. दोन पाखांच्या साच्यात गळ असा बसवायचा, की नेढे एका बाजूने बाहेर राहील आणि आकडा दुसऱ्या बाजूने. पाखे घट्ट दाबून वरच्या छिद्रातून रस ओतला की मिनिटभरात गोळा तयार. थिजताना शिसे थोडे आकसते, म्हणून ओतलेल्या तोंडाशी खळगा पडतो. शिवाय हा धातू इतका मऊ, की सुरीने तासता येतो; आणि खाऱ्या पाण्यात लोखंडासारखा गंजून झडत नाही, करडी साय धरून टिकतो.

इतके सोपे आहे, म्हणूनच धोक्याचे आहे. साच्यात पाण्याचा एक थेंब राहिला, तर त्याची क्षणात वाफ होते. वाफेला पाण्याच्या सोळाशे-सतराशे पट जागा लागते. ती मिळवण्यासाठी ती तापलेला रस उडवून देते. तो डोळ्यांत गेला तर काय होईल हे सांगायला नको.

दुसरा धोका दिसत नाही. वितळलेल्या शिशावर जी मळी धरते, ती वाळून तिची पूड होते. ती बोटांना, कपड्यांना, स्वयंपाकघराच्या फरशीला चिकटते. फार तापवले तर धूरही निघतो. ओतणारा मोठा माणूस असेल, पण फरशीवर रांगणारे बाळ तीच बोटे तोंडात घालते. पोटात गेलेल्या शिशापैकी मोठ्या माणसाच्या शरीरात जेवढा भाग शोषला जातो, त्याच्या चार-पाच पट लहान मुलांच्या शरीरात शोषला जातो. शरीर त्याला कॅल्शियम समजून हाडांत साठवते आणि मेंदूच्या वाढीत त्याने बाधा येते. रक्तात अमुक इतके शिसे असले तर चालेल, अशी एकही सुरक्षित मर्यादा जागतिक आरोग्य संघटना मानत नाही. जुन्या बॅटरीतले शिसे तर मुळीच हाताळू नये, कारण त्याच्यासोबत गंधकाम्ल आणि शिशाची पूड दोन्ही येतात.

हे विष केवळ माणसांनाच बाधते असे नाही. इंग्लंडमध्ये नदीकाठी पडलेल्या शिशाच्या बारीक गोळ्या हंस खडे समजून गिळत आणि मरत. म्हणून 1987 पासून तेथे लहान शिसवजनांवर बंदी आली. आपल्याकडे पेट्रोलमधले शिसे 2000 साली गेले.

तेव्हा शिसे वितळवू नका. पण प्रयोग मात्र करा. लोखंडी नटांची माळ आणि तेवढ्याच वजनाचा काळा दगड घ्या. शाळेच्या ताणकाट्याला टांगून दोन्ही आधी हवेत, मग बादलीतल्या पाण्यात पूर्ण बुडवून, पण तळाला न टेकवता तोला. हवेतल्या वजनाला घटीने भागा, घनता मिळेल. दगडाला 2.9 च्या आसपास आणि नटांना 7.8 च्या आसपास आकडा आला, तर तुमचा हात स्थिर आहे. नटांना तो बराच कमी आला, तर बहुधा भोकांत हवेचे बुडबुडे अडकले असतील. माळ पाण्यात हलवून पुन्हा तोला. मग दोन्ही वस्तू उंच बरणीतल्या पाण्यात एकाच क्षणी सोडा आणि तळाशी आधी कोण पोचते ते पाहा. बरणी काचेची असेल तर तळाशी कापडाची घडी घालायला विसरू नका.