ध्रुवसमुद्राच्या तळचे रहिवासी

वादळें आणि ऋतुमान हीं समुद्राच्या पृष्ठभागापुरतीं. मैल-दोन मैल खालीं, जेथें सूर्यकिरण कधींच पोंचत नाहीं, तेथें सर्व काळ सारखाच, असें आपणांस सहज वाटतें. विद्वानांसही फार दिवस असेंच वाटत होतें. १८४३ सालीं एडवर्ड फोर्ब्स या ब्रिटिश निसर्गशास्त्रज्ञानें तर सुमारें ५५० मीटरांखालीं जीवसृष्टि बहुधा नाहींच, असें अनुमान काढिलें. पुढें १८७२ ते १८७६ या काळांत 'चॅलेंजर' जहाजानें पृथ्वीप्रदक्षिणा करून हजारों मीटर खोलींतून प्राणी वर काढिले, तेव्हां तो समज गेला. परंतु खोल समुद्र बदलत नाहीं, हा दुसरा समज त्यानंतरही पुष्कळ वर्षें टिकला. तो कसा खोटा ठरला, हें आम्ही येथें सांगणार आहों.

प्रथम एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. खोल समुद्रांतील थंड पाणी तेथेंच थंड झालेलें नसतें. तें ध्रुवांकडून आलेलें असतें. अंटार्क्टिकाच्या वेडेल समुद्रांत हिवाळ्यांत पाणी गोठूं लागलें म्हणजे मीठ बर्फांत फारसें शिरत नाहीं. तें खालच्या पाण्यांत उरतें. असें खारट व गार पाणी जड होऊन तळाशीं बसतें, आणि तळातळानें हजारों मैल विषुववृत्ताकडे सरकत जातें. उतरतांना तें हवेंतील प्राणवायु आपल्याबरोबर नेतें, व त्यावरच तळच्या प्राण्यांचा श्वास चालतो. म्हणजे ध्रुवाजवळ उष्मा वाढला कीं त्याची झळ शेवटीं काळोखांतल्या प्राण्यांस लागावयाचीच.

याचा पुरावा चिखलांत सांपडला. १९८७ सालीं 'जॉइडिस रेझोल्यूशन' या जहाजानें वेडेल समुद्रांतील मॉड राइझ नांवाच्या उंचवट्यावर, सुमारें २,९०० मीटर पाण्याखालीं, तळास भोंक पाडून गाळाचा लांब दंडगोल वर काढिला. धान्याचा व्यापारी पोत्यांत पोकळ सळई खुपसून आंतला नमुना पाहतो, तसाच हा प्रकार. या गाळांत फोरॅमिनिफेरा नांवाच्या एकपेशीय जीवांचीं, वाळूच्या कणाएवढीं चुन्याचीं कवचें असतात. कवचांतील प्राणवायूचे अणु मुख्यतः दोन प्रकारचे, एक हलका व एक जड. पाणी जितकें गार, तितका कवचांत जडाचा अंश अधिक. त्यामुळें तें कवच जणूं एक तापमापकच होऊन बसतें. जेम्स केनेट व लोवेल स्टॉट यांनीं अशीं कवचें तपासून १९९१ सालीं आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. तळाखालीं सुमारें १७० मीटरांवर, म्हणजे सुमारें ५ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वींच्या थरांत, समुद्र अकस्मात् तापल्याची खूण होती. आमच्या सह्याद्रीचा काळा दगड थिजून त्या वेळीं सुमारें एक कोटी वर्षें लोटलीं होतीं, एवढें सांगितलें म्हणजे काळाची कल्पना येईल.

झालें असें कीं, कांहीं हजार वर्षांत हवेंत व समुद्रांत कार्बनाचा प्रचंड सांठा मिसळला. पृथ्वी सुमारें ५ अंश सेल्सिअस तापली, आणि खोल समुद्रही ४-५ अंशांनीं तापला. तापलेल्या पाण्यांत प्राणवायु कमी मावतो. कार्बन मिसळल्यानें पाणी आम्लाकडे झुकतें व चुन्याचें कवच बांधणें कठीण जातें. शिवाय उष्णतेनें प्राण्याची भूक वाढते, पण खोल तळाशीं अन्न तें वरून गळून येईल तेवढेंच! यांपैकीं कोणत्या कारणानें किती घात केला, हें वेगळें काढणें सोपें नाहीं. तळावर राहणाऱ्या फोरॅमिनिफेरांच्या ३० ते ५० टक्के जाती कायमच्या नष्ट झाल्या. वर तरंगणारे त्यांचे भाऊबंद मात्र बहुतेक वांचले. याहून आश्चर्याची गोष्ट अशी कीं, त्याच्या एक कोटी वर्षें आधीं ज्या संकटांत डायनासोर नाहींसे झाले, त्यांतून हेच तळचे जीव फारशी हानि न होतां पार पडले होते.

पुढें उलटा फेरा आला. सुमारें ३ कोटी ४० लक्ष वर्षांपूर्वीं अंटार्क्टिकावर बर्फाचे थर चढूं लागले, आणि वर सांगितलेला थंड पाण्याचा प्रवाह जोर धरूं लागला. या थंडीनें ऑक्टोपसाला, म्हणजे कोंकणच्या कोळ्यांस ठाऊक असलेल्या माकुळाच्या आठ पायांच्या आप्ताला, नवी वाट करून दिली. २००८ सालीं प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक संशोधनावरून असें दिसतें कीं, खोल समुद्रांतील कित्येक ऑक्टोपसांचे पूर्वज अंटार्क्टिकाभोंवतींचे. ते या गार पाण्याबरोबर इतर महासागरांच्या तळांत पसरले. काळोखांत शाई फवारून शत्रूस काय चकविणार? त्यांची शाईची पिशवीही पुढें नाहींशी झाली.

अंटार्क्टिकाच्याच टर्केट ऑक्टोपसाची हकीकत आम्हांस सर्वांत विचार करण्याजोगी वाटते. हा उथळ पाण्यापासून सुमारें १,००० मीटर खोलीपर्यंत तळावर राहतो. मादी थोडींच पण मोठीं अंडीं घालते, आणि पिल्लें तरंगत दूर न जातां जन्मतःच तळावर सरपटूं लागतात. अशा प्राण्याचें कुळ सहसा मुलूख सोडीत नाहीं. असें असतां वेडेल, अमुंडसेन व रॉस या तिन्ही समुद्रांतील टर्केट ऑक्टोपसांत जुनें नातें आढळलें. ९६ प्राण्यांच्या डीएनएवर आधारलेलें हें संशोधन २०२३ सालीं प्रसिद्ध झालें. विद्यार्थ्यांनीं भूगोलाच्या वर्गांतील पृथ्वीचा गोल खालच्या बाजूनें पाहावा: वेडेल समुद्र एकीकडे, दुसरे दोन पलीकडे, आणि मध्यें पश्चिम अंटार्क्टिकाचें बर्फाचें विस्तीर्ण आच्छादन. सुमारें सवा लाख वर्षांपूर्वीं तें वितळून तेथें समुद्राची वाट मोकळी झाली असावी, असा संशोधकांचा निष्कर्ष आहे. त्या वेळीं पृथ्वी औद्योगिक युगापूर्वींच्या मानानें अर्धा ते दीड अंशच अधिक उष्ण होती. आजची वाढ एक अंशाच्या पुढें गेलेली आहे. आणि तो बर्फ पुन्हां वितळला तर जगभर समुद्राची पातळी सुमारें ३ ते ५ मीटर चढेल.