टाळी एक, आवाज दोन

मागच्या वर्षी आमचे स्नेहसंमेलन गावच्या नव्या समाजमंदिरात झाले. मी गाणे म्हटले. माझी आजी मागे भिंतीजवळ बसली होती. घरी आल्यावर ती म्हणाली, "बाळा, आवाज लई आला, पण शब्द एक बी कळला न्हाई." मला वाईट वाटलं. गाणं तर पाठ होतं, मग चुकलं कुठं? गुरुजींना विचारले तेव्हा त्यांनी एका मोठ्या सभागृहाची माहिती सांगितली. तीच मी येथे लिहीत आहे.

इंग्लंडमधील लंडन शहरात रॉयल अल्बर्ट हॉल नावाचे सभागृह आहे. ते १८७१ साली उघडले. व्हिक्टोरिया राणीच्या पतीचे नाव त्याला दिले आहे. ते लंबगोल असून वर लोखंड व काच यांचा घुमट आहे. आत पाच हजारांहून जास्त माणसे मावतात. १९४१ सालापासून तेथे दर उन्हाळ्यात 'प्रॉम्स' नावाचा मोठा संगीत महोत्सव भरतो. आपल्या लता मंगेशकर यांनीही १९७४ साली याच सभागृहात गाणी गायिली.

एवढ्या नामांकित सभागृहात पूर्वी एक मोठा दोष होता. तो म्हणजे प्रतिध्वनी. विहिरीत 'ओ' दिली की विहीर परत 'ओ' देते, तसेच ते.

आता हिशेब करू. आवाज एका सेकंदात सुमारे ३४० मीटर जातो. घुमट सुमारे ४१ मीटर उंच आहे. म्हणजे वर जाऊन खाली यायला ८२ मीटर झाले. त्याला जवळजवळ पाव सेकंद लागतो. तेवढ्यात गाणारा पुढच्या शब्दावर जातो आणि मागचा शब्द वरून येऊन त्यावर आदळतो. शिवाय घुमट आतून परातीसारखा खोलगट. घासलेली परात ऊन एके जागी गोळा करते, तसा घुमट आवाज गोळा करून खाली टाकतो. लोक थट्टेने म्हणत, येथे एका तिकिटात गाणे दोनदा ऐकायला मिळते!

यावर पुष्कळ उपाय झाले. आधी घुमटाखाली मोठे कापड टांगले. १९४९ साली ते काढून अॅल्युमिनियमचे पत्रे बसवले. तरी दोष पुरता गेला नाही. शेवटी १९६९ साली छताखाली फायबरग्लासच्या शंभराहून जास्त मोठ्या तबकड्या टांगल्या. त्यांना लोक भूछत्रे म्हणतात. त्यांच्यावर आपटून आवाज विखुरतो, एके जागी गोळा होत नाही. सभागृह उघडल्यावर जवळजवळ शंभर वर्षांनी हे जमले.

मग आम्हीही समाजमंदिरात प्रयोग केला. रिकाम्या खोलीत टाळी वाजवली तर ती बराच वेळ घुमली. नंतर सतरंज्या अंथरल्या, मागच्या भिंतीवर घोंगड्या टांगल्या आणि चौथीची सगळी मुले आत बसली. आता टाळी लगेच थांबली. मऊ कापड आणि माणसांची अंगे आवाज शोषून घेतात, असे गुरुजींनी सांगितले.

तरी पालकांना विनंती आहे की, यंदाच्या संमेलनाला घरची एक घोंगडी जरूर द्यावी आणि सर्वांनी यावे. तुम्ही नुसते येऊन बसलात तरी आमचे गाणे नीट ऐकू येईल. आजीला मात्र मी यंदाही मागेच बसवणार आहे. तिला शब्द कळले तर सगळ्यांना कळले!

— इयत्ता ४ थी