आजोबांचे कोर्ट

आमच्या शाळेत नव्या कॅडेटला पहिला प्रश्न असतो, ‘घरचे कोण फौजेत?’ माझ्या घरचे कोणीच नाही. आजोबा मुंबई उच्च न्यायालयात होते, एवढेच मी सांगायचो. ऐकणारे त्यांना वकील समजत आणि मी ती समजूत दुरुस्त करत नसे. आजोबा तिथे शिपाई होते.

गेल्या जानेवारीत सुट्टी संपता संपता तेच मला ती इमारत दाखवायला घेऊन गेले.

उच्च न्यायालय स्थापन झाले १८६२ मध्ये. सध्याच्या इमारतीचे काम मात्र एप्रिल १८७१ मध्ये सुरू होऊन नोव्हेंबर १८७८ मध्ये संपले. आराखडा कर्नल जेम्स फुलर यांचा, म्हणजे हे कोर्ट उभारले एका फौजी इंजिनियरने! खर्च १६,४४,५२८ रुपये, मंजूर रकमेपेक्षा २,६६८ रुपये कमी. आमच्या क्वार्टरमास्टर सरांना हे आवडेल.

इमारत ५६२ फूट लांब, काळ्या दगडाची, गॉथिक शैलीची. टोकदार कमान अर्धगोल कमानीपेक्षा भार अधिक सरळ खाली उतरवते आणि बाजूच्या खांबांना कमी ढकलते. ओव्हल मैदानाच्या बाजूला रुंद व्हरांडे आहेत, त्यामुळे दुपारचे ऊन आणि पावसाचा मारा खोल्यांपर्यंत पोचत नाही. माथ्यावर न्याय आणि दया यांचे पुतळे आहेत. आजोबांना मात्र एका खांबावरचे माकड जास्त प्रिय. त्याच्या हातात तराजू आणि एका डोळ्यावर पट्टी! कोर्टात खटला हरलेल्या एका ठेकेदाराने असा सूड उगवला, अशी दंतकथा आहे. “खरं-खोटं कोण जाणे, पण नवीन वकिलांना आम्ही हे आधी दाखवायचो,” आजोबा म्हणाले.

मग आम्ही सेंट्रल कोर्टाकडे गेलो. जुलै १९०८ मध्ये इथे लोकमान्य टिळकांवर ‘केसरी’तील लेखांबद्दल राजद्रोहाचा खटला चालला. न्यायमूर्ती होते दिनशा दावर. १८९७ च्या खटल्यात याच दावरांनी वकील म्हणून टिळकांना जामीन मिळवून दिला होता. ज्युरीतल्या नऊपैकी सात जणांनी दोषी म्हटले, दोघांनी निर्दोष. त्या दोघांविषयी पुस्तकात काहीच का नसते, असे मला वाटले. २२ जुलैच्या रात्री सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा झाली. दुसऱ्या दिवशी टिळकांचा बावन्नावा वाढदिवस होता.

शिक्षा ऐकल्यावर टिळक जे बोलले, ते आता तिथल्या शिलालेखावर कोरलेले आहे. १९५६ मध्ये मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी त्याचे अनावरण केले. ज्या कोर्टाने शिक्षा दिली, त्याच कोर्टाने हा लेख लावला. आम्हाला ड्रिलमध्ये चूक झाली की मोठ्याने कबूल करायला लावतात. मला तेच आठवले.

“कोर्ट भरायच्या आधी हा लेख मी पुसायचो,” आजोबा म्हणाले. त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि खालच्या ओळी पुसल्या. वरपर्यंत आता त्यांचा हात पोचत नाही. मी रुमाल घेतला आणि वरच्या ओळी पुसल्या.